बेचकी

वाडीत मला कुणी कुंदा म्हणत नाही.
"आशा आली, आशा आली," पोरं ओरडतात,
आणि ओरडता ओरडता खाजवतात.

पानशेतच्या पाण्याकाठची अठरा कुडाची घरं.
धरण भरलं की पाणी दाराशी येऊन बघून जातं,
मग खाली पुण्याला जातं, नळातून बाहेर पडायला.

लख्या हिलमचा हात मी पहिल्यांदा उलटा केला
तेव्हा तो म्हणाला, "बेचकी म्या नाय चोरली."
मला त्याच्या बोटांची बेचकी बघायची होती.
तिथे मोहरीएवढे फोड,
आणि एका फोडापासून निघालेली राखाडी रेघ,
केसाएवढी, वाकडी.
पुण्यात आता म्हणे जमिनीखालून गाडी धावते.
इथेही खणतंय कुणीतरी,
दिवसा गप्प, रात्रपाळीला जोरात.

कागदावर लिहिलंय:
गळ्यापासून तळपायापर्यंत लावावे.
घरातील सर्वांनी एकाच रात्री लावावे.
सर्व कपडे व अंथरूण-पांघरूण उकळून घ्यावे.
सात दिवसांनी पुन्हा.
चांगुणाला वाचून दाखवलं.
तिने नीट ऐकलं. मग विचारलं,
"गोधडी उकळली, तर सहा जणं निजतील कशावं?
आन् लुगडं उकळस्तवर मी काय नेसू, बाई?
तुझा कागद?"

तालुक्याच्या मीटिंगला उभी राहिले.
माणसं ब्याण्णव, बाटल्या बारा.
साहेब चहा ढवळत म्हणाले,
"ताई, उगाच खाजवून खरूज काढू नका."
सगळे हसले.
मीही हसले, सवयीने.
परतीच्या जीपमध्ये, खड्ड्याखड्ड्याला,
ती म्हण माझ्या अंगावर चालत राहिली.

बाटल्या आल्या चौथ्या फेरीला. मग भांडं नव्हतं.
गावात देवळाचं पातेलं आहे, भंडाऱ्याचं.
काय उकळणार, विचारलं त्यांनी.
मी खरं सांगितलं.
तिथेच चुकले.

शेवटी डांबराचं रिकामं पिंप,
रस्ता अर्धा टाकून गेलेल्या ठेकेदाराचं.
आणि नेसायला फ्लेक्स.
एस्टीच्या थांब्यावरून रात्री मीच काढून आणले,
ब्लेडने, चोरासारखी.
त्या दिवशी सगळी वाडी कुणा दादांच्या वाढदिवसात गुंडाळलेली.
चांगुणाच्या पाठीवर 'हार्दिक',
तिच्या सासूच्या कमरेला 'शुभेच्छुक' आणि अकरा चेहरे,
आणि पिंपात लाकडाने ढवळलं जाणारं
एका वाडीचं सगळंच्या सगळं कापड.
इतक्या कमी वेळात उकळून झालं
की मलाच लाज वाटली.

औषध झोंबलं. पोरं नाचली, शिव्या दिल्या मला.
म्हाताऱ्या गोमाने माझ्यासमोर पाठ केली,
"हात पुरत नाय," म्हणाला.
त्याच्या पाठीला किती वर्षांत
कुणाचा तळवा लागला नव्हता
ते तो बोलला नाही, पाठ बोलली.

चौथ्या दिवशी चांगुणा सांगत होती:
मध्यरात्री दचकून उठले.
धाकटी हलत नव्हती.
रोज तिची नखं कराकरा वाजायची, म्हणून कळायचं की आहे.
नाकाखाली बोट धरलं.
श्वास होता. झोपली होती नुसती.
"जन्मल्यापासनं पयल्यांदा," ती म्हणाली,
"मंग मलाच झोप नाय आली."

सातव्या दिवशी दुसरा हात द्यायला गेले
तर अठरातली अकरा दारं काट्या लावून बंद.
मुकादमाचा टेम्पो पहाटेच येऊन गेला होता.
भट्टी मावळातली की खेडची, कुणाला ठाऊक नाही.
तिथल्या गोधड्या कुणाच्या, तेही.

रजिस्टरमध्ये रकाना आहे: बरे झाले, होय किंवा नाही.
त्यात 'निजली' लिहायला जागा नाही.

बाटल्या माझ्या कपाटात, तांदळाच्या डब्यामागे.
सासूबाईंनी परवापासून माझी चादर वेगळी वाळत घातलीय,
बोलत काही नाहीत.
दिवा मालवला की
अंगठा आणि तर्जनीच्या मधे काहीतरी हळूच चालू लागतं.
मी मूठ आवळते.
भट्टीवर आत्ता लख्या जागा असेल.